दाढेचा टवका

मागच्या आठवड्यात माझ्या दाढेचा टवका उडाला. काही कडक चावत होतो म्हणावं, तर तेही नाही. जिभेला आधी कळलं, मला मागाहून. दंतवैद्यांनी दाढ बुजवून दिली. टवका मात्र मी कागदाच्या पुडीत बांधून घरी आणला. "आता ह्याचं काय करणार?" ह्या घरच्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भिंगाखाली धरला. एक बाजू काचेसारखी चकचकीत, ते इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच. दुसरी पिवळट आणि निस्तेज, ते डेंटिन, म्हणजे त्याखालचा थर. इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. म्हणजे इतकी वर्षं मी तोंडात चक्क दगड बाळगून होतो! त्या दगडाचं नाव हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट: दहा कॅल्शियम, सहा फॉस्फेट आणि दोन हायड्रॉक्सिल. ह्यातलं 'अ‍ॅपटाइट' हे नाव १७८६ साली वेर्नर ह्या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ फसवणूक. हे खनिज हटकून दुसऱ्याच कुठल्यातरी खनिजासारखं दिसायचं आणि जाणकारही फसायचे. मीही त्याच्या चकाकीला भुललोच की.

ह्या कडक दगडाची एक दुखरी नस आहे, आंबटपणा. दातावर साचलेले जिवाणू साखर खाऊन आम्ल सोडतात. तिथला पीएच (हा आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला, की आम्लातला हायड्रोजन फॉस्फेटला आणि हायड्रॉक्सिलला जाऊन चिकटतो, वीण उसवते आणि कॅल्शियम लाळेत निघून जातं. बरं, लाळेतही कॅल्शियम आणि फॉस्फेट असतंच. थोडा वेळ दिला तर ती बारीकसारीक झीज भरून काढते. हायड्रॉक्सिलच्या जागी फ्लोराइड बसलं, तर वीण आणखी घट्ट होते. पण टवकाच उडाला, की संपलं. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात वर येईपर्यंत आपलं काम आटोपून निघून गेलेल्या असतात. हाडांचं तसं नाही. तिथेही जवळपास हेच खनिज, पण जुनं खरवडणारे आणि नवं लिंपणारे कारागीर जन्मभर कामावर. तुटलेलं हाड सांधतं, दात नाही. हा पंक्तिप्रपंच मला अजून पटलेला नाही.

गंमत म्हणजे जे दातांच्या मुळावर येतं, त्यावरच शेती पिकते. नुसती हाडं किंवा फॉस्फेटचा दगड दळून मातीत घातला, तर तो पाण्यात जेमतेम विरघळतो. पिकाच्या हाती फारसं लागत नाही. १८४२ साली जॉन बेनेट लॉज ह्या इंग्रज गृहस्थाने त्यावर सल्फ्युरिक आम्ल ओतून केलेल्या सुपरफॉस्फेट ह्या खताचं पेटंट घेतलं. आम्लाने कॅल्शियम काढून घेतलं, की उरलेलं फॉस्फेट पाण्यात सहज विरघळतं आणि मुळांना पिता येतं. तोंडात ह्यालाच आपण कीड म्हणतो. ह्यातलंच मोनोकॅल्शियम फॉस्फेट बेकिंग पावडरमध्येही जातं. ते स्वतःच आंबट असल्यामुळे ओलं होताच सोड्याशी भिडतं आणि केक फुगतो. काही टूथपेस्टमध्ये डायकॅल्शियम फॉस्फेट असतं, इनॅमलपेक्षा मऊ. म्हणजे सकाळी फॉस्फेटनेच फॉस्फेट घासायचं, आणि दुपारी कोला पिऊन त्यावर फॉस्फरिक आम्ल ओतायचं. मी वर्षानुवर्षं हेच करत आलो.

शेवटी टवक्याचं काय करायचं ते सुचलं. एका छोट्या बाटलीत व्हिनेगर घेऊन त्यात टाकला. पहिल्या रात्रीतच चकाकी उतरली. चौथ्या दिवशी चिमट्याने बाहेर काढला, तर इनॅमलची बाजू खडूसारखी पांढरीफटक. नख लावताच भुगा झाली. डेंटिनची बाजू शाबूत होती, पण तिच्यातलं खनिज जाऊन बरंचसं नुसतं कोलॅजन हे चिवट प्रथिन उरलं होतं. दोन बोटांत दाबली, तर रबरासारखी वाकली आणि सोडल्यावर हळूहळू पुन्हा सरळ झाली.