अमेरिकेतला क्रेडिट स्कोअर: कुठे जपायचा, कुठे सोडून द्यायचा

भारतात पंधरा वर्षं गृहकर्जाचे हप्ते न चुकता भरलेला माणूस अमेरिकेत उतरतो, तेव्हा त्याची क्रेडिट फाइल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, कोरी असते. सिबिलचा ८०० स्कोअर इथे कुणाला दिसत नाही. अशा नोंदी ठेवणाऱ्या इथल्या तीन क्रेडिट ब्युरोंपैकी ट्रान्सयुनियनचीच सिबिलवर मालकी आहे, एक्सपीरियन आणि इक्विफॅक्स भारतातही काम करतात. तरी दोन देशांच्या फायली वेगळ्याच. मोजक्या कार्ड कंपन्या भारतातला इतिहास मागवून बघतात, बाकीच्यांच्या लेखी तुम्ही कालच जन्मलात. हे चीड आणणारं आहे. ऋण काढून सण करायचा नाही, हा आपल्या घरांतला संस्कार चांगलाच आहे, पण इथे कर्ज न घेतलेल्या माणसाचा स्कोअरच तयार होत नाही. फायको स्कोअर, म्हणजे इथे बँका सर्वाधिक वापरतात तो क्रेडिट स्कोअर, निघायला किमान एक खातं सहा महिने जुनं लागतं.

सुरुवात सिक्युअर्ड कार्डाने करावी. दोनशे ते पाचशे डॉलर अनामत ठेवायची, बहुतेक वेळा तेवढीच लिमिट मिळते. कार्ड कंपनी तुमचा भरणा तिन्ही ब्युरोंना कळवते का, हे घेण्याआधी विचारा. ती कळवत नसेल तर अनामत अडकवून काही उपयोग नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो तारखांचा. स्टेटमेंटची तारीख वेगळी, पैसे भरायची वेगळी. दोन्हींत किमान २१ दिवस असतात. ब्युरोला बहुधा स्टेटमेंटच्या दिवशीची बाकी कळवली जाते. समजा लिमिट ५०० डॉलर आणि महिन्याचं किराणा-पेट्रोल ४५० डॉलर. मुदतीत पै न पै भरली तरी नोंद होते ९० टक्के वापराची, आणि स्कोअर घसरतो. उपाय सोपा आहे. स्टेटमेंट ५ तारखेला निघत असेल तर २ तारखेलाच ४२० डॉलर भरून टाका. स्टेटमेंटवर ३० डॉलर, म्हणजे ६ टक्के दिसतील. उरलेले मुदतीत भरा.

लिमिटचं महत्त्व एवढंच: वापराचा टक्का म्हणजे बाकी भागिले लिमिट, आणि ती या भागाकारातला छेद आहे. पाच हजारांच्या लिमिटवर तेच ४५० डॉलर ९ टक्के होतात. लिमिट वाढवून मागताना चौकशी हार्ड (स्कोअरवर परिणाम करणारी) होणार की सॉफ्ट (परिणाम न करणारी), ते आधी विचारा; हार्ड चौकशी फाइलवर दोन वर्षं दिसते. पण दर महिन्याला हा टक्का धरून बसायची गरज नाही. बँका सध्या वापरतात त्या बहुतेक फायको आवृत्त्या मागच्या महिन्यांचा वापर बघतच नाहीत. पुढची बाकी कमी कळवली गेली की स्कोअर पुन्हा वर येतो. घर किंवा गाडीच्या कर्जाआधीचे दोन महिने तेवढे सांभाळा.

वेळेवर भरणं मात्र कधीच सुटता कामा नये. फायकोत त्याचं वजन ३५ टक्के आहे. ३० दिवस उशीर झाला की नोंद लागते आणि सात वर्षं राहते. नवखे लोक इथे ऑटोपेमुळे, म्हणजे खात्यातून आपोआप बिल भरायच्या सोयीमुळे, फसतात. स्टेटमेंट निघाल्यावर ऑटोपे लावला, तर कधीकधी तो पुढच्या महिन्यापासून सुरू होतो आणि पहिलं बिल राहून जातं. पहिलं बिल हाताने भरा. ऑटोपेमध्ये ‘मिनिमम ड्यू’ (किमान रक्कम) नव्हे, ‘स्टेटमेंट बॅलन्स’ (पूर्ण बिल) निवडा.

थोडी बाकी ठेवली की स्कोअर वाढतो, असं आपल्या लोकांत छातीठोकपणे सांगितलं जातं. ते साफ चूक आहे. हजार डॉलर थकवले आणि व्याज वर्षाला २४ टक्के असेल, तर एका महिन्याचं व्याज होतं सुमारे २० डॉलर. दोन टक्के कॅशबॅक देणाऱ्या कार्डावर २० डॉलर मिळवायला हजार डॉलर खर्च करावे लागतात. म्हणजे एकाच महिन्यात रिवॉर्ड संपला. शिवाय नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागू होतं. पूर्ण बिल भरणाऱ्यालाच रिवॉर्ड परवडतात. आणि भारतात सुट्टीला आल्यावर परदेशी व्यवहार शुल्क घेणारं कार्ड वापरलं, तर बहुधा ३ टक्के जातात. त्यापेक्षा यूपीआय केव्हाही बरं. त्या बाबतीत आपण इथल्यांच्या पुढेच आहोत.

स्कोअर मिरवण्यात मात्र अर्थ नाही. फॅनी मे या गृहकर्ज संस्थेच्या दरपत्रकात सगळ्यात वरचा गट ७८० पासून सुरू होतो. तिथे ७८५ आणि ८४० दोघांना सारखंच लेखतात. मात्र ६४० ला त्याच घरासाठी तीस वर्षं जास्त व्याज भरावं लागू शकतं. बहुतेक राज्यांत गाडीच्या विम्याचा हप्ताही क्रेडिट फाइल बघून ठरतो. कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्समध्ये त्याला बंदी आहे.

एच-४ या आश्रित व्हिसावर आलेल्या जोडीदाराला पहिल्याच कार्डावर ऑथराइज्ड युझर (तुमच्याच खात्यावर कार्ड वापरणारी व्यक्ती) म्हणून जोडून घ्या. सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) नसेल तर ती नोंद फाइलला जुळतेच असं नाही, म्हणून नंबर आला की बँकेला लगेच कळवा.