कुंडीतली माती कोण उकरते? घरच्या संगणकावर हालचाल टिपणारा कॅमेरा बसवताना

आमच्या बाल्कनीतल्या कुंड्यांमधली माती कोणीतरी रोज उकरत होते. आईने बिया पेरून वाढवलेली, जेमतेम चार पाने फुटलेली रोपे मुळासकट बाहेर पडलेली दिसत. कधी एक कुंडी, कधी तीन, पण चोर मात्र कधीच कोणाच्या दृष्टीस पडत नसे. आईचा संशय मांजरावर होता, माझा उंदरावर. घरात एक जुना वेबकॅम आणि दिवसभर सुरू असणारा लिनक्सचा संगणक होता, म्हणून पहारा त्यांच्यावर सोपवायचे मी ठरवले. हे काम एका संध्याकाळी होईल असे वाटले होते. प्रत्यक्षात प्रोग्राम बसवायला दहा मिनिटे लागली आणि त्याला नीट पाहायला शिकवण्यात दोन आठवडे गेले. त्या दोन आठवड्यांबद्दल सविस्तर लिहावे असे वाटले, कारण असा कॅमेरा बसवणारे अनेक जण नेमके तिथेच कंटाळून तो काढून ठेवतात.

या कामासाठी मी ‘मोशन’ हा कॅमेऱ्यासमोरची हालचाल टिपून चित्रफिती साठवणारा मुक्त प्रोग्राम निवडला. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या दोन्ही प्रकारांच्या प्रोग्राम-भांडारात तो तयार मिळतो, त्याला वेगळी खिडकी नसते, तो मागे शांतपणे चालत राहतो आणि त्याची सगळी वागणूक एका साध्या मजकुराच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाईलवर ठरते. एक सूचना आधीच देतो: चौथ्या आवृत्तीच्या काळात त्यातल्या बऱ्याच सेटिंगची नावे बदलली. पूर्वीचे ‘आउटपुट पिक्चर्स’ आता ‘पिक्चर आउटपुट’ झाले आहे. त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकेतली ओळ जशीच्या तशी उतरवली, तर ती लागू होईलच असे नाही. आपल्या संगणकावर आलेली मूळ कॉन्फिग फाईल आधी वाचावी आणि तिची एक प्रत बाजूला ठेवून मगच बदल करावेत.

कॅमेरा ओळखला जाण्यात सहसा अडचण येत नाही, कारण गेल्या कित्येक वर्षांतले बहुतेक वेबकॅम यूएसबी व्हिडिओ क्लास या समान नियमाने चालतात आणि त्यांना वेगळा ड्रायव्हर (साधन चालवणारा प्रोग्राम) लागत नाही. मात्र एकाच कॅमेऱ्यासाठी ‘व्हिडिओ शून्य’ आणि ‘व्हिडिओ एक’ अशा दोन नोंदी दिसल्या, तर गोंधळून जाऊ नये. त्यांतली दुसरी बहुधा चित्राबरोबर येणाऱ्या पूरक माहितीची असते, तिच्यातून चित्र मिळत नाही. दुसरी गोष्ट अशी की कॅमेऱ्याकडून एका वेळी एकच प्रोग्राम चित्र घेऊ शकतो. व्हिडिओ कॉलची खिडकी मागे उघडी राहिली असेल, तर ‘मोशन’ला कॅमेरा मिळत नाही आणि साधन व्यस्त असल्याचा संदेश येतो. माझा एक अख्खा दिवस याच कारणाने वाया गेला.

त्याहून फसवी अडचण परवानगीची होती. चित्रफिती हाताशी असाव्यात म्हणून मी साठवणुकीची जागा बदलून माझ्या होम फोल्डरातला एक फोल्डर दिला. प्रोग्राम सुरू झाला, थेट चित्रही दिसू लागले, पण फोल्डर रिकामाच राहिला. सेवा म्हणून, म्हणजे मागे आपोआप, चालताना हा प्रोग्राम ‘मोशन’ नावाच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या हक्कांनी चालतो, आणि त्या वापरकर्त्याला माझ्या फोल्डरात लिहिण्याची मुभा नव्हती. लॉग फाईलमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, ते स्पष्ट लिहिलेले होते, मी ती उघडली नव्हती इतकेच. म्हणून पहिल्या दिवशी प्रोग्राम सेवा म्हणून न चालवता टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, समोर चालवावा. तो काय म्हणतो आहे ते डोळ्यांसमोर राहते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हालचाल ओळखणारा असा प्रोग्राम हालचाल पाहतच नसतो, तो फरक मोजतो. आधीच्या फ्रेम्सवरून, म्हणजे कॅमेऱ्याकडून आलेल्या एकेका चित्रावरून, तो दृश्याचे एक संदर्भचित्र तयार ठेवतो, नव्या फ्रेममधला प्रत्येक पिक्सेल त्या चित्राशी ताडून पाहतो आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त बदललेले पिक्सेल मोजतो. ही संख्या ‘थ्रेशोल्ड’च्या पुढे गेली की घटना सुरू झाली असे तो मानतो. थ्रेशोल्डचा मूळ आकडा १५०० असतो. ६४० गुणिले ४८० आकाराच्या फ्रेममध्ये ३,०७,२०० पिक्सेल असतात, म्हणजे चित्राचा साधारण अर्धा टक्का भाग बदलला की नोंद होते. हा आकडा टक्क्यांत नसून थेट पिक्सेलमध्ये आहे, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. फ्रेम १२८० गुणिले ७२० केली तर एकूण पिक्सेल तिप्पट, म्हणजे ९,२१,६०० होतात. अशा वेळी तेवढीच संवेदनशीलता हवी असेल, तर थ्रेशोल्डही ४५०० करावा लागतो. मी लहान फ्रेमच ठेवली, कारण मोठ्या फ्रेमचा ताण यूएसबीवर आणि प्रोसेसरवर पडतो, आणि मला चोराचा चेहरा नको होता, तो कोण हे कळले तरी पुरे होते.

मूळ आकड्यांवर सुरू केलेल्या पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत शेकडो चित्रफिती जमल्या आणि त्या सगळ्या पानांच्या होत्या. वारा आला की कठड्याजवळचा वेल हले आणि त्याच्या प्रत्येक पानागणिक बदललेल्या पिक्सेलची संख्या वाढत जाई. मग मी तेच केले जे बहुतेक जण करतात: थ्रेशोल्ड वाढवत नेला. २५०० झाला, ३५०० झाला, ५००० वर आल्यावर पाने गप्प झाली. दोन दिवस एकही चित्रफीत आली नाही आणि मला वाटले की काम झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने बाल्कनीतून हाक मारली, “अरे, आज पुन्हा दोन कुंड्या उकरल्यात.” कॅमेरा सुरू होता, संगणक सुरू होता, आणि नोंद एकही नव्हती.

त्या दिवशी मी कागद घेऊन हिशेब मांडला, आणि तो सुरुवातीलाच मांडायला हवा होता असे आता मनापासून वाटते. माझ्या वेबकॅमचा आडवा दृश्यकोन सुमारे ६० अंशांचा आहे. दोन मीटर अंतरावर त्याला साधारण २३० सेंटीमीटर रुंदीचे दृश्य दिसते, आणि ही रुंदी ६४० पिक्सेलमध्ये वाटली जाते, म्हणजे एका सेंटीमीटरला पावणेतीन पिक्सेल मिळतात. चौदा सेंटीमीटर लांब आणि पाच सेंटीमीटर रुंद असा एखादा छोटा प्राणी कुंडीवर आला, तर त्याने व्यापलेली जागा साधारण ३९ गुणिले १४, म्हणजे साडेपाचशे पिक्सेलच्या आसपास भरते. मूळच्या १५०० च्या मर्यादेतही तो सापडला नसता, आणि मी तर ती ५००० वर नेऊन ठेवली होती. मला जे पाहायचे होते ते लहान होते, जे टाळायचे होते ते मोठे होते, आणि दोघांना वेगळे करण्याचे काम मी अशा आकड्यावर सोपवले होते ज्याला केवळ आकारमान कळते.

उपाय दोन होते आणि दोन्ही आकड्यांच्या बाहेरचे होते. पहिला म्हणजे अंतर. कॅमेरा दोन मीटरवरून एक मीटरवर आणला की तोच प्राणी लांबीला दुप्पट आणि रुंदीला दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट दिसतो: साडेपाचशेचे जवळजवळ बावीसशे पिक्सेल होतात. एवढा फायदा कोणत्याही सेटिंगने मिळत नाही. मात्र जागा ठरवताना केबलचा विचार करावा लागतो, कारण यूएसबी २.० ची साधी केबल पाच मीटरपेक्षा लांब असू नये. दुसरा उपाय म्हणजे मास्क. मास्क हे फ्रेमच्याच मापाचे, पीजीएम प्रकारात साठवलेले एक करड्या छटांचे चित्र असते. त्यातल्या पांढऱ्या भागात हालचाल मोजली जाते आणि काळ्या भागाकडे प्रोग्राम दुर्लक्ष करतो. मी कॅमेऱ्याची एक फ्रेम चित्रे रंगवण्याच्या प्रोग्राममध्ये उघडली, वेलाचा सगळा भाग काळा केला आणि कुंड्यांची तोंडे व कठड्याची वरची कड पांढरी ठेवली. त्यानंतर थ्रेशोल्ड निर्धास्तपणे ७०० वर आणता आला. इथे एक पथ्य आहे: मास्क बनवल्यावर कॅमेरा बोटभरही हलता कामा नये, नाहीतर पांढरा भाग भलतीकडे सरकतो. मी तो चिकटपट्टीने पक्का केला आणि पट्टीच्या कडेने पेन्सिलची खूण करून ठेवली.

आकडे ठरवताना अंदाजाने बदल करण्यापेक्षा प्रोग्रामलाच विचारावे. बदललेल्या पिक्सेलची संख्या चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात दाखवण्याची सोय त्यात आहे. ती सुरू करून मी वाऱ्याच्या वेळी, ढग आल्यावर आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर ती संख्या किती होते ते पाहून वहीत टिपले. ढगांनी मला नवी गोष्ट शिकवली. ऊन अचानक मावळले की कॅमेरा स्वतःहून प्रकाशमान जुळवतो आणि साऱ्या फ्रेमचा उजेड एकदम बदलतो, म्हणजे प्रोग्रामच्या हिशेबी सारे जगच हलते. यासाठी ‘लाइटस्विच’ नावाची सेटिंग आहे. ठरवलेल्या टक्क्यांपेक्षा जास्त चित्र एकाच वेळी बदलले, तर तो प्रकाशाचा बदल समजून पुढच्या काही फ्रेम सोडून दिल्या जातात. मूळ फाईलमध्ये ती बंद असते, आणि बाहेरचे दृश्य पाहणाऱ्या कॅमेऱ्यासाठी ती सुरू करणे मला आवश्यक वाटते. ‘मिनिमम मोशन फ्रेम्स’ मी ३ ठेवले, म्हणजे सेकंदाला पंधरा फ्रेमच्या वेगाने किमान एक पंचमांश सेकंद बदल टिकला तरच त्याची दखल घेतली जाते. क्षणिक चमक त्यात गळून पडते. घटना सुरू होण्याआधीच्या ५ फ्रेमही जपून ठेवायला सांगितले, नाहीतर चपळ प्राण्याची फक्त शेपटीच हाती लागते.

कॅमेरा काचेच्या आतून बाहेर पाहणार असेल, तर भिंग काचेला अगदी टेकवावे आणि भोवती गडद कापड लावावे. थोडेही अंतर राहिले तरी खोलीतल्या दिव्याचे आणि माणसांचे प्रतिबिंब काचेत पडते आणि घरातल्यांच्या येण्याजाण्याची नोंद होत राहते. शरीराची उष्णता ओळखणारे सेन्सर अशा जागी उपयोगाचे नसतात, कारण ती उष्णता ज्या अवरक्त (इन्फ्रारेड) लहरींनी पोहोचते त्यांना साधी काच अडवते. रात्रीच्या पहाऱ्याची अपेक्षा साध्या वेबकॅमकडून ठेवू नये. त्याच्या भिंगामागे अवरक्त प्रकाश रोखणारी गाळणी असते आणि अंधारात त्याच्या चित्रात रवाळ ठिपक्यांखेरीज फारसे काही उरत नाही.

माझा चोर रात्रीचा की दिवसाचा, हे ठरवायला एका वेगळ्याच सोयीचा उपयोग झाला. हालचाल असो वा नसो, ठरावीक वेळाने एक छायाचित्र साठवण्याची सेटिंग या प्रोग्राममध्ये आहे. मी ती दहा मिनिटांवर ठेवली. दुसऱ्या दिवशी छायाचित्रे ओळीने पाहिली, तेव्हा सकाळी सातला सपाट असलेली माती साडेसातच्या चित्रात उकरलेली दिसली. उंदरावरचा माझा संशय तिथेच डळमळला आणि रात्रीच्या दिव्याची सोय करण्याचे कष्टही वाचले.

कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात समोरच्या घराची एक खिडकी येत होती. ती मी प्रायव्हसी मास्क वापरून झाकली. साध्या मास्कमध्ये काळा भाग फक्त मोजणीतून वगळला जातो, चित्रात मात्र दिसतोच. प्रायव्हसी मास्कने तो चित्रातूनच पुसला जातो. आपल्या कुंड्यांसाठी दुसऱ्याच्या घरातले चित्र आपल्या डिस्कवर साठवले जाणे मला मान्य नाही, मग ते कोणी कधी पाहणार नसले तरीही. थेट चित्र पाहण्याचा मार्गही मी मूळ फाईलप्रमाणे त्याच संगणकापुरता, ८०८१ या पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकावर) मर्यादित ठेवला. बाहेरून पाहता यावे म्हणून राउटरमधले पोर्ट उघडण्याचा मोह होतो, पण २०१६ साली ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने सोपे, कारखान्यातले पासवर्ड तसेच ठेवलेले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन मोठमोठ्या संकेतस्थळांवर हल्ले चढवले होते. बाहेरून पाहणे खरोखरच गरजेचे असेल, तर ते व्हीपीएनमधूनच, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतच्या सुरक्षित खासगी मार्गानेच, करावे.

या सगळ्या बदलांनंतर पाचव्या दिवशी सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी खार आली. कठड्यावरून कुंडीच्या काठावर उतरली, मागच्या पायांवर बसून आजूबाजूला पाहिले आणि दोन्ही पंजांनी माती भराभर मागे फेकू लागली. अकरा सेकंदांची ती चित्रफीत मी आईला दाखवली. तिने ती तीनदा पाहिली आणि म्हणाली, “हिला मारायचं बिरायचं नाही हं.” त्याच दुपारी आम्ही कुंड्यांच्या तोंडावर जाड तारेची जाळी अशी बसवली की रोपे तिच्या भोकांतून वर येतील. दुसऱ्या दिवशीच्या चित्रफितीत खार आली, जाळीवर दोनदा पंजा मारून पाहिला आणि निघून गेली.

डिस्क भरू नये म्हणून चौदा दिवसांहून जुन्या फायली आपोआप पुसणारी एक ओळ मी संगणकाच्या रोजच्या वेळापत्रकात घातली आहे. ती सुरू करण्याआधी आईने त्या अकरा सेकंदांविषयी विचारले, म्हणून ती चित्रफीत आता एका वेगळ्या फोल्डरात आहे. तो फोल्डर पुसण्याच्या यादीत नाही.