मिउरा की डेटोना : प्रश्न इंजिनाच्या जागेचा

लांबॉर्गिनी मिउरा आणि फेरारी डेटोना यांची तुलना बहुधा सौंदर्यापासून सुरू होते आणि तिथेच संपते. मला मात्र या दोन गाड्यांमधला खरा वाद इंजिन कुठे बसवावे याचा वाटतो, कारण त्यांचे बहुतेक गुणदोष त्या एका निर्णयातून आलेले आहेत.

१९६५ साली ट्यूरिनच्या प्रदर्शनात लांबॉर्गिनीने मिउराची नुसती चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, मांडली, वर पत्राही नव्हता. जानपाओलो दलारा आणि पाओलो स्तांझानी या तरुण अभियंत्यांनी ३९२९ सी.सी.चे बारा सिलिंडरचे इंजिन चालकाच्या पाठीमागे आडवे बसवले होते आणि ते तेवढ्या रुंदीत मावावे म्हणून इंजिन व गिअरबॉक्स एकाच ओतीव कवचात घेतले होते. या धाडसामुळेच गाड्यांचे आकार रेखाटणाऱ्या बेर्तोने कंपनीच्या मार्चेल्लो गांदीनीला जेमतेम एक मीटरहून थोडी उंच असलेली ती देखणी आकृती रेखाटता आली आणि १९६६ च्या जिनिव्हा प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. त्याची किंमतही मिउराने मोजली. इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे तेल एकच असल्याने गिअरच्या झिजेचा कीस इंजिनाच्या बेअरिंगपर्यंत पोहोचण्याचा धोका राहिला. पेट्रोलची टाकी पुढे असल्याने ती रिकामी होत गेली की भरवेगात गाडीचे नाक हलके होऊ लागले. आणि कार्ब्युरेटरमधून तापलेल्या इंजिनावर सांडलेल्या पेट्रोलाने काही गाड्या पेटल्यादेखील. १९७१ च्या एसव्ही आवृत्तीत मागची चाके रुंद झाली, शक्ती ३८५ अश्वशक्तीपर्यंत गेली आणि पुढच्या काही गाड्यांत दोन्ही तेले वेगळी केली गेली. एसव्ही सुमारे १५०च बनल्या, त्यामुळे संग्राहकांची खरी चुरस त्यांच्यासाठी असते.

१९६८ साली पॅरिसमध्ये फेरारीने आणलेल्या ३६५ जीटीबी/४ चे, म्हणजेच डेटोनाचे, इंजिन मात्र पुढेच होते, म्हणून अनेकांना ती जुन्या वळणाची वाटली. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत असे, आणि तिची रचना समजून घेतल्यावर ते मत मी पूर्णपणे बदलले. ४३९० सी.सी.चे, ३५२ अश्वशक्तीचे इंजिन पुढे ठेवून गिअरबॉक्स मागच्या धुरेशी नेल्यामुळे वजन दोन्ही टोकांना जवळपास सारखे विभागले गेले. तेलाची टाकी इंजिनापासून वेगळी केल्याने इंजिन खाली बसवता आले आणि बेर्तोनेसारख्याच पिनिनफारिना कंपनीच्या लिओनार्दो फिओरावांतीला तो लांब, सपाट बॉनेट साधता आला. हळू चालवताना तिचे स्टीअरिंग जड लागते, पण वेग वाढला की तेच स्टीअरिंग हाताला विश्वास देते, आणि ताशी २८० किलोमीटरपर्यंत जाणाऱ्या या गाडीत दिवसभर दूरचा प्रवास करता येतो. (३६५ हा आकडा एका सिलिंडरच्या घनफळाचा आणि ४ हा कॅमशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्यांच्या, संख्येचा आहे. ‘डेटोना’ हे नाव कंपनीने दिलेले नाही. १९६७ च्या डेटोना शर्यतीत फेरारीने पहिले तिन्ही क्रमांक पटकावले, त्यावरून ते रूढ झाले.)

विकत घेणाऱ्याने दोन्हीकडे कागदपत्रे फार बारकाईने तपासली पाहिजेत. डेटोनाच्या उघड्या टपाच्या स्पायडर गाड्या कारखान्यातून जेमतेम सव्वाशे बाहेर पडल्या, परंतु पुढे अनेक बंद गाड्यांची छपरे कापून त्यांच्या स्पायडर करण्यात आल्या. मिउरामध्येही साध्या पी४०० ला, म्हणजे मूळ आवृत्तीला, एसव्हीचे रूप दिलेल्या गाड्या आहेत. म्हणून चासी आणि इंजिनाचे क्रमांक मूळ नोंदींशी जुळतात की नाही, हे रंग आणि चामडे पाहण्याच्या आधी पाहावे. मिउराच्या बाबतीत पातळ पत्र्याच्या चासीतला गंज आणि पेट्रोलच्या नळ्या यांची तपासणी माहीतगार कारागिराकडून करून घ्यावी.

मिउरा इतिहासात अधिक महत्त्वाची आहे, हे मी मान्य करतो; मध्यभागी, म्हणजे चालकाच्या लगेच मागे, इंजिन असलेल्या वेगवान गाड्यांची वाट तिने रुंद केली. पण गाडी वर्षातून अनेकदा रस्त्यावर काढण्याची आणि लांब पल्ल्याला नेण्याची ज्याची इच्छा आहे, त्याला मी डेटोनाच सुचवेन, आणि तीही १९७१ पूर्वीची, जिच्या हेडलाइट पारदर्शक पट्टीमागे झाकलेल्या आहेत.