तुम्ही विचारलंत म्हणून: ते तिघे मैदान सोडून का गेले?

1888-89 मध्ये ब्रिटनच्या दौऱ्यावर गेलेल्या ‘न्यूझीलंड नेटिव्ह्ज’ या रग्बी संघाचा विषय काढला की प्रश्न ठरलेला: इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तिघे रागाने मैदान सोडून गेले, हे शोभलं का? रेफरीला उलट बोलायचं नाही, असं तुम्हीच मुलांना शिकवता ना?

शिकवतो. तरी त्या तिघांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. का, ते एकदा सविस्तर सांगतो.

अख्ख्या दौऱ्यात 107 सामने, 78 विजय, एवढं तुम्हाला ठाऊक असतंच. पण खेळाडू फक्त 26 आणि एकट्या ब्रिटनमध्ये सामने 74, म्हणजे आठवड्याला जवळजवळ तीन. फेब्रुवारीपर्यंत या पोरांच्या अंगात किती त्राण उरलं असेल?

16 फेब्रुवारी 1889, ब्लॅकहीथ. सुरुवातीच्या ट्रायवरूनच (ट्राय म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवणं) कुरबूर झाली होती. मग नेटिव्ह्जच्या टॉम एलिसनने इंग्लंडच्या अँड्र्यू स्टॉडर्टला धरलं आणि झटापटीत स्टॉडर्टची चड्डी टरकन फाटली. हा स्टॉडर्ट 1888 मध्येच ब्रिटिश संघाबरोबर न्यूझीलंडचा दौरा करून आलेला, म्हणजे ओळखीचा माणूस. एवढ्या प्रेक्षकांसमोर त्याची अब्रू जाऊ नये म्हणून नेटिव्ह्जचे खेळाडू थांबले आणि त्याच्याभोवती कडं करून उभे राहिले. चेंडू तिथेच पडलेला. इंग्लंडच्या फ्रँक एव्हरशेडने तो उचलला, धावत जाऊन रेषेपलीकडे टेकवला आणि रेफरीने ट्राय दिला.

रेफरी कोण? जॉर्ज रोलंड हिल, म्हणजे इंग्लंडच्या रग्बी युनियनचे खुद्द सचिव. यजमान तेच, न्याय देणारेही तेच. तिघे बाहेर पडले, तर ते परतायच्या आतच हिलनी पुढची किक घ्यायला लावून खेळ सुरू केला. इंग्लंड 7-0 ने जिंकलं.

पूर्वी मी ठासून म्हणायचो: रेफरीने खेळ थांबवला नव्हता, मग तुम्ही का थांबलात? नियमाने ट्राय बरोबरच. तो मुद्दा आजही मला खोडता येत नाही. पण दुसऱ्याची लाज राखायला थांबलेल्या माणसाला त्याचीच किंमत मोजावी लागली, तर त्याने मुकाट खेळत राहावं, हेही माझ्या तोंडून निघत नाही.

आणि नंतरचं तर मला अजिबात पचत नाही. युनियनने माफी मागितली, म्हणजे यांच्याकडून मागितली! पहिलं पत्र पसंत पडलं नाही, म्हणून हिलनी सांगितलेल्या मजकुराचं दुसरं लिहून घेतलं. वर संघाला अधिकृतपणे निरोप द्यायलाही नकार दिला. गंमत बघा, 1884 मधल्या एका वादग्रस्त ट्रायवरून शेजारी देशांशी बिनसल्यामुळे इंग्लंडचा त्या हंगामातला हा एकच आंतरराष्ट्रीय सामना होता. हे लोक पाहुण्यांना खिलाडूवृत्ती शिकवत होते.

माझ्या संघातल्या मुलाने असं मैदान सोडलं, तर मी त्याला परत पाठवीन का? पाठवीन, बहुतेक. पण आधी त्याच्या बाजूने रेफरीशी बोलेन. पटत नसेल तर खुशाल वाद घाला. फक्त ते तिघे समजूत काढल्यावर परत आले होते, एवढं तरी प्रश्न विचारताना सांगत जा.