मग जपानी गाडी का घेत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर टोचन करायला आलेल्या ड्रायव्हरनेही हेच विचारलं होतं: "ताई, एवढा त्रास देते तर काढून टाका की! सरळ जपानी गाडी घ्या." माझी गाडी मूळची युरोपातली, जुनी. कंपनीचं नाव घेत नाही. ती घाटात तापते, ऐन पावसात तिची काच खाली जाते ती वर येत नाही, आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा कधी लागेल याचा नेम नसतो. यातलं काहीही मी नाकारत नाही. तरीही ती काढायची नाही, हे माझं ठरलेलं आहे.

विचारणाऱ्याच्या प्रश्नामागोमाग एखादा देशाचा विनोद येतोच. स्वर्गात मेकॅनिक जर्मन आणि पोलीस इंग्रज असतात, नरकात मेकॅनिक फ्रेंच आणि पोलीस जर्मन, हा तर जगभर फिरलेला. इंग्रज बिअर कोमट का पितात? कारण त्यांचे फ्रीजही लुकासने बनवलेले. जुन्या ब्रिटिश गाड्यांचं वायरिंग आणि दिवे या बर्मिंगहॅमच्या कंपनीचे असायचे, आणि ते इतके दगा द्यायचे की लोकांनी तिला 'अंधाराचा राजपुत्र' करून टाकलं. मला हे विनोद मनापासून आवडतात. रस्त्याकडेला बोनेट उघडून उभं राहिलेल्या माणसांनीच ते रचलेत, हे ऐकताक्षणी कळतं.

पण त्यातला एक विनोद बघा. गाडीच्या मागच्या काचेला हीटर कशाला? ढकलताना हात गरम राहावेत म्हणून. ब्रिटनमध्ये हा चेक स्कोडावर सांगत, इतरत्र रशियन लाडा आणि पूर्व जर्मन ट्राबांटवर, अमेरिकेत युगोस्लाव्हियाच्या युगोवर. विनोद तोच, गाडी दुसरी, देश तिसरा. १९९१ पासून स्कोडा फोक्सवॅगनच्या हाताखाली गेली, कारखाना सुधारला, आणि २००१ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला तिचा कारखाना सुरू झाला. तिथून निघालेली ऑक्टाव्हिया डॉक्टरांच्या आणि बिल्डरांच्या दारात उभी राहिली, तेव्हा इंग्लंडमधला तो विनोद इथे कुणाच्या गावीही नव्हता.

ज्या जपानचा दाखला मला दिला जातो, त्याचीही गोष्ट वेगळी नाही. टोयोटाने १९५७ मध्ये टोयोपेट क्राउन अमेरिकेत नेली. जपानमधल्या कच्च्या, अरुंद रस्त्यांसाठी ती मजबूत होती, पण अमेरिकी हायवेच्या वेगाला इंजिन पुरेना, गाडी तापायची. काही वर्षांत ती निर्यात थांबवावी लागली. त्या काळी 'मेड इन जपान' म्हणजे स्वस्त आणि तकलादू माल, असाच अमेरिकेत समज होता. पुढे जे बदललं ते कारखान्यात: दोष दिसला की कामगाराने दोरी ओढायची, लाइन थांबवायची आणि दोष तिथेच काढायचा. कोरियाचंही तसंच. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत ह्युंदाईची चेष्टा व्हायची. १९९८ मध्ये तिथे त्यांनी इंजिन-गिअरबॉक्सला दहा वर्षं किंवा एक लाख मैलांची हमी दिली, आणि हसणाऱ्यांना विचार करावा लागला.

आणि आपली पद्मिनी! गाडीचा भरवसा देशावरून ठरत नाही, या माझ्या म्हणण्याचा सगळा भार मी हिच्यावर टाकते. अमेरिकेत फिआटच्या इंग्रजी अक्षरांचा विस्तार 'फिक्स इट अगेन, टोनी' असा करत, म्हणजे 'टोनी, पुन्हा दुरुस्त कर रे'. तो अगदीच खोटा नव्हता: तिथे बर्फावर मीठ टाकतात, त्या मिठाने इटालियन पत्रे सडत, आणि दुरुस्त करणारे हाताशी नसत. पण त्याच घराण्यातली फिआट ११०० कुर्ल्यात, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार होऊ लागली, प्रीमियर पद्मिनी झाली, आणि काळी-पिवळी होऊन तिने मुंबईत हजारो घरं चालवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली ती वीस वर्षांची वयोमर्यादा संपली म्हणून. कार्ब्युरेटरच्या त्या जमान्यात उन्हाळ्यात इंजिनाला पेट्रोल पुरवणारा गाडीतला पंप तापून गाडी बंद पडली, की ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं गुंडाळायचा, विडी संपेपर्यंत थांबायचा आणि सेल्फ मारायचा. कुठल्याही नाक्यावर तिची नस माहीत असलेला मिस्त्री होता, पार्ट कुर्ल्याच्या बाजारात मिळत. इटलीची ती गाडी मुंबईत विश्वासाची झाली ती या माणसांमुळे.

माझ्या गाडीचं तापणंही असंच सुटलं. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून मोठं बिल हातात आलं, काटा पुन्हा वर. मग पुण्याच्या नाना पेठेतल्या पार्टवाल्याने त्याच्या ओळखीच्या मेकॅनिककडे पाठवलं. त्याने आधी काहीच खोललं नाही. टॉर्च घेऊन इंजिनच्या मागच्या बाजूला वाकला आणि बोट फिरवून मला दाखवलं: गुलाबी पावडर. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, थेंबाथेंबाने झिरपून तिथेच वाळत होतं. त्या कूलंटचा प्रवाह सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, प्लॅस्टिकचं, तापून-निवून कडक झालेलं, त्याला केसाएवढी चीर. "ताई, चांदणी चौकात पंधरा मिनिटं उभी राहिली की इंजिन नुसतं शिजतं. हे प्लॅस्टिक किती सोसणार?" त्याने ॲल्युमिनियमचं हाउसिंग मागवून बसवलं. त्यानंतर वरंधा घाट भर मे महिन्यात चढले, काटा मध्यावरून हलला नाही. काचेचं मात्र अजून जमलेलं नाही.

तर का काढत नाही, याचं उत्तर: घाटातल्या वळणावर ती स्टिअरिंगमधून रस्ता जसा हातात आणून देते, तसा मला दुसऱ्या कुठल्याही गाडीने दिलेला नाही. आणि तिला ओळखणारा माणूस मला सापडलाय. ज्यांना रोज पहाटे ड्युटीवर पोचायचंय, त्यांनी माझ्या नादी लागू नये, हेही तितक्याच जोरात सांगते.

भाची लातूरला नोकरीला लागली, तिलाही पहिली गाडी घ्यायची होती. "मावशी, जर्मन घेऊ, कोरियन घेऊ की जपानी?" तिला म्हटलं, आधी लातुरातली दोन गॅरेजं फिर, यादीतल्या प्रत्येक गाडीचा क्लच किती दिवसांत मिळतो ते विचार, आणि मग मला फोन कर. तिने विचारलं. एका गाडीचा क्लच दुसऱ्या दिवशी मिळत होता, दुसरीचा पुण्याहून मागवावा लागणार होता. पहिली घेतली. कुठल्या देशाची, ते आमच्या बोलण्यात पुन्हा आलंच नाही.