स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमना किती मार्क?

सेमिस्टर संपायला दोन आठवडे उरले की इथे अमेरिकेत, ओहायोत विद्यार्थ्यांच्या फोनवर विद्यापीठाच्या ईमेल येऊन आदळायला लागतात. कोर्सचं मूल्यमापन भरा, तीन दिवस राहिले, आज शेवटचा दिवस. प्रत्येक विषयाचा वेगळा फॉर्म. शिक्षकांनी विषय नीट समजावला का, तयारी करून आले का, पेपर वेळेत तपासून दिले का, वर्गाबाहेर भेटले का? प्रत्येक प्रश्नासमोर 1 ते 5 यांपैकी एक आकडा निवडायचा आणि खाली मोकळ्या चौकटीत वाटेल ते लिहायचं. नाव कुठेच द्यायचं नाही. ग्रेड जाहीर होईपर्यंत शिक्षकांना यातलं एक अक्षरही दिसत नाही, त्यामुळे पोरं बिनधास्त लिहितात.

मी सांगलीत बी.एस्सी. आणि कोल्हापूरला एम.एस्सी. करून इथे संख्याशास्त्रात पीएचडीला आले. फी माफ व्हावी म्हणून टीए, म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखाली शिकवणारी सहायक, म्हणून काम करते, आणि माझ्या वाट्याला आला आहे बिझनेस स्टॅटिस्टिक्स हा विषय. तो शिकवणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या आहेत. लेक्चर त्या घेतात, एक्सेलची लॅब मी घेते. त्या कायम नोकरीत नाहीत, वर्षावर्षाच्या करारावर शिकवतात. करार पुढे चालू ठेवायचा की नाही हे ठरवताना विभागासमोर जो कागद असतो, त्यात या फॉर्मची सरासरी ठळक छापलेली असते. हे सगळं डोळ्यांसमोर घडत असताना त्याबद्दल गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून हा लेख.

आधी या विषयाला बसतं कोण ते सांगते. अकाउंटिंग, मार्केटिंग, सप्लाय चेन, एचआर, सगळ्यांना हा विषय सक्तीचा. तो पास झाल्याशिवाय वरच्या वर्षाचे बिझनेसचे विषय घेता येत नाहीत. आवडीने आलेलं पोर वर्गात शोधून सापडायचं नाही. आपल्याकडे एफ.वाय.बी.कॉम.ला मॅथ्स-स्टॅट्सच्या पेपरला जे चेहरे दिसतात तेच इथे दिसतात, फक्त हातात टीआय-84 कॅल्क्युलेटर असतो. गणिताची भीती शाळेपासून सोबत आलेली असते आणि तिचा हिशेब शेवटी मॅडमच्या नावावर लिहिला जातो.

हा माझा अंदाज नाही. 2017 साली बॉब अटल आणि डिलन स्मायबर्ट या कॅनडातल्या दोन संशोधकांनी न्यूयॉर्क विद्यापीठातल्या 14,872 वर्गांची मूल्यमापनं तपासली. गणिती विषय शिकवणाऱ्यांना इंग्रजीसारखे विषय शिकवणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आकडे मिळतात, आणि सगळ्यांना एकच पट्टी लावली तर 'असमाधानकारक' हा शिक्का गणितवाल्यांवर कितीतरी जास्त वेळा बसतो, हे त्यांना आढळलं. आमच्या मॅडमची तुलना ज्या सरासरीशी होते, त्या सरासरीत मॅनेजमेंट आणि बिझनेस कम्युनिकेशन शिकवणारेही असतात.

आता मुलं काय म्हणतात ते. मॅडमनी मागच्या सेमिस्टरचे अभिप्राय मला वाचायला दिले होते, आणि लॅबमध्ये तर रोजच कानावर पडतं. पुस्तक फुकट आहे याबद्दल झाडून सगळे खूश. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाचा ओपनस्टॅक्स नावाचा उपक्रम आहे, त्यांचं बिझनेस स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक मॅडम लावतात. कुणीही ते ऑनलाइन फुकट वाचू शकतं, तुम्हीसुद्धा. इथे पाठ्यपुस्तकांच्या किमती पाहून घाम फुटतो, त्यामुळे ही मोठीच सोय आहे. परीक्षेला एका कार्डावर दोन्ही बाजूंनी सूत्रं लिहून नेता येतात, तेही आवडतं. ऑफिस अवर्सला, म्हणजे केबिनमध्ये शंका विचारायच्या ठरलेल्या वेळेला, गेलं तर मॅडम घाईने कटवत नाहीत, असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. पेपर अवघड असतो, घरचा अभ्यास फार असतो, ग्रेड वर ओढून देत नाहीत, या तक्रारी दर वेळच्या.

पण सगळ्यात जास्त राग एकाच गोष्टीवर आहे: वाक्यावर. ते कसं, हे एका उदाहरणाने सांगते.

परीक्षेत एक प्रश्न होता. नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यावर 510 ग्रॅम छापलंय. 36 खोकी वजन करून पाहिली, सरासरी 505 भरली, स्टँडर्ड डेव्हिएशन (वजनं सरासरीपासून किती पसरली आहेत त्याचं माप) 12. पंच्याण्णव टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटर्व्हल काढा, म्हणजे सगळ्या उत्पादनाचं खरं सरासरी वजन कुठल्या दोन आकड्यांच्या मधे असावं ते पंच्याण्णव टक्के खात्रीने सांगा. बाराला छत्तीसच्या वर्गमुळाने भागलं की 2 येतात, 505 च्या दोन्ही बाजूंना त्याच्या साधारण दुप्पट धरलं की मर्यादा निघतात साधारण 501 ते 509. इथपर्यंत बहुतेक मुलं बिनचूक येतात, कार्डावर सूत्र असतंच. त्याखाली मॅडमचा दुसरा भाग असतो: कारखान्याच्या मॅनेजरला हे दोन वाक्यांत कळवा, स्टॅटिस्टिक्समधला एकही शब्द न वापरता. याला निम्मे मार्क. इथे वर्ग अडतो. कुणी लिहितं, पंच्याण्णव टक्के खोकी 501 ते 509 च्या मधे आहेत. ते चूक आहे, कारण ती मर्यादा एकेका खोक्याची नाही, सगळ्या उत्पादनाच्या सरासरी वजनाची आहे. कुणी फक्त आकडे परत उतरवून काढतं. छापलेलं 510 त्या मर्यादेच्या बाहेर पडतंय, म्हणजे यंत्र कमी भरत असावं, तपासून घ्या, असं लिहिणारी थोडीच.

मग अभिप्रायात येतं की हा गणिताचा विषय आहे, इथे निबंध का लिहायला लावता? उत्तर बरोबर असून अर्धे मार्क गेले, हा अन्याय आहे. मी स्वतः ते पेपर तपासते, म्हणून ठामपणे सांगते, त्या विषयात शिकण्यासारखं जे आहे ते त्या दोन वाक्यांतच आहे. आकडा एक्सेल एका क्लिकवर देतं. ज्या मुलीला तो आकडा मॅनेजरला सांगता येईल तिला उद्या कामावर ठेवतील. पुढच्या वर्षी ऑपरेशन्सचा विषय घेणारी काही मुलं मॅडमच्या केबिनमध्ये येऊन हेच सांगून जातात, पण तेव्हा त्यांच्या हातात फॉर्म नसतो.

कोलोरॅडोतल्या अमेरिकन हवाई दलाच्या अकादमीतला एक अभ्यास इथे आठवतो. तिथे कॅल्क्युलसला कुठल्या विद्यार्थ्याला कुठला शिक्षक मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, अभ्यासक्रम एकच, परीक्षाही सगळ्यांची एकच. तुलना करायला याहून चांगली जागा नाही. कॅरेल आणि वेस्ट या अर्थतज्ज्ञांनी 2010 साली मांडलं की ज्या शिक्षकांची मुलं त्याच विषयात चांगले मार्क घेतात त्यांना मुलं वरचं मूल्यमापन देतात, पण ज्या शिक्षकांची मुलं पुढच्या, त्याहून अवघड विषयात सरस ठरतात, त्यांना मूल्यमापन कमी मिळतं. हार्वर्डमध्ये 2019 साली भौतिकशास्त्राच्या वर्गांत असंच दिसलं. स्वतः गणितं सोडवायला लावलेल्या मुलांना आपण कमी शिकलो असं वाटत होतं, आणि चाचणीत मात्र ती छान व्याख्यान ऐकलेल्या मुलांपेक्षा जास्त शिकलेली निघाली.

आणखी एक प्रयोग मॅडमनी मला स्वतः दाखवला. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या एका ऑनलाइन कोर्समध्ये एक पुरुष आणि एक बाई शिकवत होते. दोघांनीही आपला एकेक गट स्वतःच्या ओळखीने शिकवला आणि एकेक गट दुसऱ्याच्या ओळखीने. मुलांनी त्यांना कधी पाहिलंच नाही. काम तपासून परत दिलं ते सगळ्यांना एकाच वेळी. तरी आपला शिक्षक पुरुष आहे असं समजणाऱ्यांनी 'काम वेळेवर तपासून देतो' या प्रश्नाला जास्त आकडे दिले आणि बाई आहे असं समजणाऱ्यांनी कमी. नमुना लहान होता, चाळीसेक मुलांचा, हेही मॅडमनीच लगेच सांगितलं. स्वतःच्या बाजूचा पुरावा दाखवतानाही नमुन्याचा आकार सांगायला विसरत नाहीत, त्यांच्याबद्दलचा माझा आदर असल्या गोष्टींनी वाढत गेला आहे.

आपल्या मुलामुलींसाठी यातलं महत्त्वाचं म्हणजे उच्चार. भारतातून आलेल्या टीएची इथे आधी तोंडी इंग्रजीची परीक्षा होते, ती पास झाल्याशिवाय वर्गासमोर उभं राहता येत नाही. एवढं करूनही 'अ‍ॅक्सेंट कळत नाही' हा शेरा येतोच. माझ्याबद्दलही आलाय. त्यातला काही भाग खरा आहे, मी भरभर बोलते. म्हणून आता मी प्रत्येक नवा शब्द आधी फळ्यावर लिहिते. ज्या शेऱ्यावर असं काही करता येतं, तो मला हवा असतो.

माझं भांडण आकड्याशी आहे. समजा एका वर्गात निम्म्या मुलांनी 5 दिले, निम्म्यांनी 1. सरासरी 3. दुसऱ्या वर्गात सगळ्यांनीच 3 दिले. सरासरी तीच. पहिल्या वर्गात काहीतरी मोठं घडतंय, दुसऱ्यात काहीच घडत नाही, आणि कागदावर दोन्ही शिक्षक सारखे. शिवाय 3 आणि 4 मधलं अंतर 4 आणि 5 मधल्या अंतराइतकंच आहे, हे कुणी ठरवलं? कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क हाच मुद्दा अनेक वर्षं मांडत आले आहेत. त्यात फॉर्म भरणाऱ्यांची संख्या. कागदी फॉर्म होते तेव्हा शिक्षक वर्गाबाहेर जायचे, सगळे बसून भरायचे, आणि एखादा विद्यार्थी पाकीट बंद करून ऑफिसात नेऊन द्यायचा. ऑनलाइन झाल्यापासून फार खूश असलेले भरतात, फार चिडलेले भरतात, मधले भरतच नाहीत. नमुना कसा निवडला ते आधी विचारा, मग निष्कर्षाकडे बघा, हे आम्ही पहिल्याच महिन्यात शिकवतो. तेच शिकवणाऱ्या बाईंची नोकरी अशा नमुन्यावर तोलली जाते, याची मला मनापासून चीड येते.

ईरी सरोवराच्या पलीकडे कॅनडात 2018 साली याचा निकाल लागलाय. टोरांटोच्या तेव्हाच्या रायर्सन विद्यापीठात प्राध्यापकांची संघटना आणि व्यवस्थापन यांचा वाद लवादापुढे गेला होता. लवाद विल्यम कॅपलन यांनी सांगितलं की बढती किंवा कायम नोकरी देताना शिकवण्याची परिणामकारकता या आकड्यांवरून मोजायची नाही. सरोवराच्या अलीकडे ओहायोत नेमकं उलटं झालं. 2025 साली सिनेट बिल 1 नावाचा कायदा आला, मार्चमध्ये गव्हर्नर माइक डिवाइन यांनी त्यावर सही केली. त्यानुसार सरकारी विद्यापीठांतल्या प्राध्यापकांच्या वार्षिक मूल्यमापनात शिकवण्याचा जो भाग आहे, त्यात विद्यार्थ्यांच्या मूल्यमापनाचा वाटा कमीत कमी 25 टक्के असलाच पाहिजे.

आपल्याकडे नॅकच्या पाहणीत विद्यार्थ्यांच्या समाधानाचे प्रश्न असतात, पण माझ्या वेळी कॉलेजात सरांबद्दलचं खरं मत कट्ट्यावरच कळायचं. सर छान शिकवतात पण पोर्शन पुरा होत नाही, हे सगळ्या वर्गाला माहीत असायचं आणि सरांपर्यंत कधीच पोचायचं नाही. इथे ते पोचतं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. सेमिस्टरच्या मध्यावर मॅडम एक कोरा कागद फिरवतात, आकडे नाहीत, फक्त काय अडतंय ते लिहायचं. एकदा मागच्या बाकांवरच्या मुलांनी लिहिलं की एक्सेलचे आकडे तिकडून दिसत नाहीत आणि फळा फार लवकर पुसला जातो. पुढच्याच लेक्चरला पडद्यावरचा अक्षरांचा आकार वाढला आणि फळ्याचा डावा अर्धा भाग तास संपेपर्यंत न पुसण्याचा नियम झाला. दिसतं का, ऐकू येतं का, पेपर वेळेत मिळतो का, शंका विचारल्यावर अपमान होतो का, हे विद्यार्थ्याइतकं कुणालाच माहीत नसतं. आपण किती शिकलो हे मात्र त्याला त्या आठवड्यात कळणं कठीण असतं.

इचलकरंजीचा माझा मावसभाऊ पुढच्या वर्षी इथे यायचं म्हणतोय. कुठल्या कॉलेजातल्या कुठल्या प्राध्यापकाला इंटरनेटवर किती स्टार आहेत याची यादी करून त्याने मला पाठवली. मी त्याला म्हटलं, बाबा रे, स्टार झाक आणि शेरे वाच. 'फार काम देतात' असं लिहिलंय का, आणि त्याच लोकांनी 'पण भेटायला गेलं की वेळ देतात' असंही लिहिलंय का, ते बघ. दोन्ही असेल तर तो वर्ग घे. 'सोपा ए मिळतो' एवढंच लिहिलं असेल तर पुढच्या विषयाला रडशील. आणि किती जणांनी लिहिलंय ते मोज, चार जणांच्या रागावरून माणूस ठरवू नकोस.

आमच्या फॉर्ममध्ये शिक्षकांना स्वतःचा एक प्रश्न घालता येतो. मॅडमनी या वेळी विचारलंय: यातली कुठली गोष्ट तुम्ही अजूनही आपल्या मित्राला समजावून सांगू शकणार नाही? सगळ्यात जास्त उत्तरं पी-व्हॅल्यूची (खरंतर फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता सांगणारा आकडा) आली, त्याखालोखाल त्याच कॉन्फिडन्स इंटर्व्हलची. पुढच्या सेमिस्टरला संभाव्यतेची दोन लेक्चरं कमी करून पी-व्हॅल्यूला दोन वाढवली आहेत, आणि लॅबच्या पहिल्या अर्ध्या तासात एक्सेल न उघडता फक्त वाक्यं लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आलंय. वाक्यांचे निम्मे मार्क तसेच ठेवलेत.