जर्मनीत मास्टर्सला येताय? आधी परीक्षेचे नियम वाचा

जर्मनीतल्या विद्यापीठाचं ॲडमिशन लेटर हातात पडलं, म्हणजे तुम्ही विद्यार्थी झालात असं नाही. त्या पत्रात फक्त ‘तुमच्यासाठी जागा ठेवली आहे’ एवढंच असतं. ती जागा ठरलेल्या तारखेच्या आत स्वतः नाव नोंदवून पक्की करावी लागते. या नोंदणीला इथे इमाट्रिकुलाट्सिऑन म्हणतात. ती तारीख चुकली की जागा दुसऱ्याला जाते, आणि मग व्हिसा, तिकीट, बँकेचं कर्ज सगळंच अधांतरी राहतं.

दरवर्षी उन्हाळ्यात पुणे, नाशिक, कोल्हापूरहून मला मेसेज येतात. प्रश्न ठरलेले असतात: पार्टटाइम जॉब मिळतो का, खोली कुठे बघू, कुकर आणू का? प्रश्न रास्त आहेत. पण ज्याच्यावर पुढची दोन वर्षं अवलंबून असतात ते कुणी विचारत नाही, म्हणून हे लिहितेय. मी राहते ते श्टुटगार्ट बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात येतं. त्यामुळे उदाहरणं इथली देतेय, नियमांची मूळ घडण मात्र देशभर सारखीच आहे.

नोंदणीसाठी आरोग्य विमा लागतो. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी पद्धतीच्या विम्यात सवलतीचा दर मिळतो, आणि तुमचा विमा झाल्याचं ती कंपनीच विद्यापीठाला परस्पर ऑनलाइन कळवते. शिवाय दर सेमिस्टरला एक वर्गणी भरायची असते. आमच्या राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून त्यावर आणखी १५०० युरो फी लागते. पैसे ट्रान्सफर करताना ‘कशासाठी’ या रकान्यात विद्यापीठाने दिलेला क्रमांक किंवा मजकूर अक्षरशः तसाच टाका. तो चुकला तर पैसे खात्यात पोचूनही तुमच्या नावावर जमा होत नाहीत. हाच व्यवहार पुढे दर सहा महिन्यांनी पुन्हा करायचा असतो, त्याला रुकमेल्डुंग म्हणतात. न भरल्यास आधी आठवणीचं पत्र येतं, मग नाव कमी होतं. नाव कमी झालं की शिक्षणासाठी दिलेला राहण्याचा परवाना कशाच्या आधारावर उभा राहणार?

आता मुख्य गोष्टीकडे येते.

इथे वर्गात हजेरी बहुधा घेत नाहीत. लेक्चरला गेलात काय आणि नाही गेलात काय, कुणी विचारत नाही. पण परीक्षेला बसायचं तर त्या परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते, विद्यापीठाच्या पोर्टलवर, ठराविक मुदतीत. ही मुदत परीक्षेच्या कितीतरी आठवडे आधी संपते. माझ्या वसतिगृहात सांगलीचा एक हुशार मुलगा होता. तो सेमिस्टरभर अभ्यास करत होता, ट्युटोरियलला सगळ्यात पुढे बसायचा, इतरांना गणितं समजावून सांगायचा. फेब्रुवारीत परीक्षेच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून तो पोर्टल पुन्हा पुन्हा रिफ्रेश करत होता, आणि आम्ही तिघं-चौघं नुसते शेजारी उभे होतो. त्याने कोर्सला नाव नोंदवलं होतं, परीक्षेला नाही. आपल्याकडे कॉलेजचा क्लार्क परीक्षेचा फॉर्म भरायची सूचना लावतो, वर्गाच्या ग्रुपवर दहा जण आठवण करतात. इथे तसं कुणी करत नाही, हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. त्या विषयाची पुढची परीक्षा सहा महिन्यांनी होती.

सहा महिन्यांची किंमतही मोजून बघा. सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. एक सेमिस्टर लांबलं की या हिशेबाने ५,९५२ युरो जातात, आमच्या राज्यात वर १५०० फी. घरच्यांनी जमीन किंवा फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढलं असेल, तर हा आकडा तुम्हाला जास्त नीट समजेल.

दुसरा नियम याहून कडक. आपण इंजिनिअरिंगला एटीकेटी घेऊन पुढच्या वर्षात जाणारे, एम-थ्री हा गणिताचा पेपर चौथ्या प्रयत्नात सोडवणारे मित्र पाहिलेले असतात. जर्मनीत एका परीक्षेचे प्रयत्न मोजून दिलेले असतात, बऱ्याच ठिकाणी तीन, काही ठिकाणी त्याहून कमी. सक्तीच्या विषयात शेवटचा प्रयत्न फसला की निकालपत्रावर ‘कायमचे अनुत्तीर्ण’ असा शेरा बसतो. मग त्या कोर्समधून तुमचं नाव निघतं, आणि तोच कोर्स जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठात करायची वाटही सहसा बंद होते. हे घाबरवायला सांगत नाही. बहुतेक मुलं उत्तम पास होतात. पण ‘एकदा बसून पेपर कसा असतो ते बघू’ या सवयीने पहिला प्रयत्न वाया घालवू नका. तयारी नसेल तर मुदतीत नाव मागे घेता येतं, आणि ते प्रयत्नात धरलं जात नाही. न सांगता गैरहजर राहिलात तर मात्र थेट ५.०, म्हणजे नापास. आजारी पडलात तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि दाखला लगेच परीक्षा विभागात द्या. आठवडाभराने बरं झाल्यावर दिलेला कागद उपयोगाचा नाही.

गुणांची शिडीही उलटी आहे. १.० सर्वोत्तम, ४.० ला काठावर पास. आणि पास झालेला पेपर गुण सुधारायला बहुतेक ठिकाणी पुन्हा देता येत नाही. त्यामुळे ‘निघाला एकदाचा’ म्हणून ३.७ वर समाधान मानलं, तर तो ३.७ कायमचा सोबत येतो. पुढे पीएचडीचा विचार असेल तर हे आधीच ध्यानात घ्या.

हे सगळं जिथे लिहिलेलं असतं त्या कागदाचं नाव प्रूफुंग्सऑर्डनुंग, म्हणजे तुमच्या कोर्सची परीक्षा नियमावली. ती वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुली असते. कायदेशीर ग्राह्य प्रत जर्मनमध्येच असते, इंग्रजी अनुवाद सोयीसाठी असतो. विमानात बसण्याआधी ती वाचा, भाषांतराचं ॲप लावून का होईना. सक्तीचे विषय कोणते, ऐच्छिक विषय नापास झाल्यावर बदलता येतो का, प्रयत्न किती, थिसिस सुरू करायला आधी किती क्रेडिट लागतात, एवढं तरी वहीत उतरवून ठेवा. सीनिअरला विचारायला हरकत नाही, पण त्याची बॅच जुन्या नियमावलीखाली असू शकते. एकाच कोर्सच्या दोन बॅचना वेगळे नियम लागू असलेले मी पाहिले आहेत.

मास्टर्सला साधारण १२० क्रेडिट असतात, सेमिस्टरला ३०. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, हे गृहीत धरलेलं असतं आणि ते खरंच तेवढं असतं. माझं स्पष्ट मत असं, की पहिल्या सेमिस्टरला ३० चा हट्ट धरू नये. निवासाची नोंदणी, बँक, परवान्याची अपॉइंटमेंट, थंडी, नवी शिकवण्याची पद्धत हे सगळं त्याच चार महिन्यांत येतं. २० ते २५ क्रेडिट चांगल्या गुणांनी काढा, सक्तीचे अवघड विषय त्यातच घ्या, म्हणजे दुसरा प्रयत्न लागलाच तर हाताशी वेळ उरतो. अवघड विषय शेवटी ठेवणाऱ्यांची थिसिसच्या वेळी फार ओढाताण होते. फक्त परवाना वाढवताना अभ्यासात प्रगती दिसावी लागते, तेव्हा दोन सेमिस्टर रिकामी जाऊ देऊ नका.

नोकरीबद्दल थोडक्यात. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि विद्यापीठातली सहायकाची कामं या मोजणीत येत नाहीत. म्हणून आधी प्राध्यापकांकडे विचारा. पहिल्या सेमिस्टरला नोकरीपेक्षा जर्मन भाषेचा वर्ग महत्त्वाचा, असं मी प्रत्येकाला सांगते. कोर्स इंग्रजीत असला तरी इंटर्नशिप आणि नोकरीच्या मुलाखती मोठ्या प्रमाणात जर्मनमध्ये होतात. विद्यापीठाच्या भाषा केंद्रातल्या जागा लवकर भरतात, नोंदणी उघडण्याची तारीख आधीच बघून ठेवा. शेवटच्या सेमिस्टरला बी-वन ही जर्मनची मधली पातळी गाठायला निघालेल्यांचे हाल मी जवळून पाहतेय.

थिसिस कंपनीत करणार असाल तर विद्यापीठातला प्राध्यापक मार्गदर्शक म्हणून आधी तयार हवा. कंपनीचा होकार आला आणि प्राध्यापकच नाही, असं दरवर्षी कुणाचं तरी होतं. थिसिसची रीतसर नोंदणी झाली की त्या दिवसापासून मुदत सुरू होते, साधारण सहा महिने, आणि उशिरा दिलेला थिसिस नापास धरला जातो. निकाल लागल्यावर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांचा परवाना मिळतो, पण त्याचा अर्ज जुना परवाना संपायच्या आत पडायला हवा. परदेशी नागरिक कार्यालयाच्या अपॉइंटमेंट मोठ्या शहरांत कित्येक महिने मिळत नाहीत, त्यामुळे थिसिस जमा करण्याच्या आधीच ती मागून ठेवा.